वाफेचा पडदा: लोहाराच्या कुंडीपासून तारापूरपर्यंत

पेरणीचे दिवस जवळ आले की धाडसारख्या बुलढाणा जिल्ह्यातल्या गावांत लोहाराकडे वखराच्या पासा, फाळ आणि विळे येऊन पडतात. भात्याच्या विस्तवात लाल झालेले लोखंड ऐरणीवर ठोकून धारेला आणले की शेवटचे काम उरते ते त्याला पाणी देण्याचे. जाणता लोहार तापलेली पास कुंडीतल्या पाण्यात नुसती बुडवून ठेवत नाही; तो ती पाण्यात हलवत राहतो. कारण पहिल्या क्षणी पाणी लोखंडाला टेकतच नाही. धातू इतका तापलेला असतो की त्याच्याजवळ येणाऱ्या पाण्याची वाफ होते आणि ती लोखंडाभोवती पातळ पडद्यासारखी उभी राहते. पाण्याच्या मानाने वाफ उष्णतेची फार वाईट वाहक, सुमारे पंचवीस पटींनी कमी. त्यामुळे पाण्यात बुडालेले लोखंड सुरुवातीला सावकाश निवते. मग पडदा फाटतो, पाणी धातूला भिडते, चरचराट होतो आणि एकदम प्रचंड उष्णता बाहेर पडते. धातू शंभर अंशांच्या जवळ आला की बुडबुडे थांबतात आणि पुन्हा सगळे संथ होते.

आधी संथ, मग वेगवान, मग पुन्हा संथ, असा हा क्रम. पडदा एका टोकाला लवकर आणि दुसऱ्या टोकाला उशिरा फाटला तर पास वाकते, तडकते किंवा मध्येच कुठेतरी मऊ राहते. म्हणून ती हलवायची. काही कारागीर पाण्यात मीठ टाकतात, कारण मिठाच्या पाण्यात पडदा लवकर मोडतो.

अभियंते या अवस्थेला फिल्म बॉइलिंग म्हणतात. लोहारांना ती हाताने कळली होती, पण तिचे गणित जमायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. त्याआधी या पडद्याने बॉयलरच्या स्फोटांच्या चौकशीत गोंधळ घातला होता, आणि पुढे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या पहिल्या अणुवीज केंद्राची मर्यादाही त्यानेच आखून दिली.

लेखी इतिहास 1756 सालापासून धरण्याची पद्धत आहे. जर्मनीतल्या ड्यूसबर्ग इथले वैद्य आणि प्राध्यापक योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट यांनी साध्या पाण्याच्या गुणधर्मांवर त्या वर्षी लॅटिनमध्ये एक प्रबंध छापला. त्यांचा प्रयोग घरगुती म्हणावा इतका साधा होता. लोखंडी पळी लालबुंद तापवायची, तिच्यात पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि तो नाहीसा व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे. लाल पळीत थेंब अर्ध्या मिनिटाहून अधिक टिकला. पळी निवत गेली तसे पुढचे थेंब उलट लवकर संपले. भांडे जितके तापलेले तितके पाणी लवकर उडणार, या सर्वांच्या समजुतीला हे सरळ छेद देणारे होते. मेणबत्ती पलीकडे ठेवून पाहिले तर थेंब आणि धातू यांच्या मधून उजेड दिसत होता. थेंब तरंगत होता. भाकरीचा तवा तापला की नाही हे पाण्याच्या शिंतोड्यावरून ओळखणाऱ्या कोणालाही हा नाचणारा थेंब ओळखीचा आहे. लायडेनफ्रॉस्ट यांचे श्रेय एवढेच की त्यांनी त्याच्या वेळाची मोजणी केली.

जवळजवळ शंभर वर्षे ही गोष्ट गमतीची म्हणून राहिली. 1840 च्या दशकात फ्रान्समधले बुतिन्यी यांनी लालभडक भांड्यात द्रवरूप सल्फर डायॉक्साइड घालून त्यावर पाण्याचा बर्फ करून दाखवला आणि विज्ञानाच्या सभा थक्क केल्या. तोवर वाफेची इंजिने सर्वत्र पोहोचली होती, आणि त्यांच्याबरोबर बॉयलरचे स्फोटही. त्यामुळे या गमतीला अचानक गंभीर वजन आले.

आपल्याकडे ती इंजिने लवकरच आली. 16 एप्रिल 1853 रोजी मुंबई-ठाणे रेल्वे धावली. कावसजी दावर यांची कापडगिरणी 1854 साली स्थापन झाली आणि 1856 मध्ये सुरू झाली. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बुलढाणा जिल्ह्यातले खामगाव मोठी कापूसपेठ झाले. 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव हा कापसासाठीचा खास रेल्वे फाटा सुरू झाला. पुढे खामगाव, मलकापूर, नांदुरा या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यासोबत बॉयलरची धुराडी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा याच भागातून जातो. खारे पाणी बॉयलरला सोसत नाही. त्यातले क्षार पत्र्यावर थर धरतात, थराखालचा पत्रा पाण्यापासून तुटतो आणि तापत जातो.

तापलेल्या पत्र्याचे पुढे काय होते, यावर त्या काळात मोठा वाद होता. एक लोकप्रिय मत असे की बॉयलरमधले पाणी खाली गेले की उघडा पडलेला पत्रा लाल होतो. मग पाणी सोडले की ते आधी वाफेच्या पडद्यावर तरंगते. पत्रा जरा निवला की पडदा फाटून सगळे पाणी एकदम वाफ होते आणि बॉयलर फुटतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने 1830 च्या दशकात सरकारी पैशातून यावर प्रयोग केले. तापलेल्या बॉयलरमध्ये पाणी सोडून पाहिले, निरनिराळ्या तापमानाच्या धातूवर थेंब किती टिकतो तेही मोजले. कल्पनेत तथ्य होते, पण बहुतेक अपघातांना ती लागू नव्हती. इंग्लंडमध्ये विल्यम फेअरबेर्न आणि मँचेस्टरची बॉयलर-मालकांची तपासणी संघटना फुटके बॉयलर उघडून पाहू लागली तेव्हा कारणे साधी निघाली: गंजून पातळ झालेले पत्रे, अडकवून ठेवलेले सेफ्टी व्हॉल्व्ह, कच्चे जोड. पडद्याची गूढ उपपत्ती इतकी चालली यात मालकांची सोयही होती, असे माझे मत आहे. निसर्गाचे रहस्य पुढे केले की देखभालीचा प्रश्न मागे पडतो.

भारतात कायदा स्फोटानंतरच आला. 1863 साली कलकत्त्यात एका बॉयलरच्या स्फोटात अनेक जीव गेले आणि 1864 मध्ये बंगालने तपासणीचा कायदा केला. इतर प्रांतांनी आपापले कायदे केले, एकाचा मेळ दुसऱ्याशी नाही अशी अवस्था झाली, आणि शेवटी 1923 साली सबंध देशासाठी इंडियन बॉयलर्स ॲक्ट आला. त्याने अपघात कमी व्हायला मदत झाली, पण पडद्याचे कोडे त्याने सुटण्यासारखे नव्हते.

ते सोडवले जपानच्या सेंदाई शहरातल्या तोहोकू इम्पीरियल विद्यापीठात शिरो नुकियामा यांनी. पाण्याला टेकलेल्या धातूच्या एका चौरस मीटरमधून जास्तीत जास्त किती उष्णता पाण्यात जाऊ शकते, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी भट्टी न वापरता केसासारखी बारीक तार पाण्यात ताणली आणि तिच्यातून वीज सोडली. तारेत किती उष्णता निर्माण होते ते विजेवरून कळत होते आणि तारेच्या विद्युतरोधावरून तिचे तापमान. तार हीच शेगडी आणि तीच थर्मामीटर.

1934 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातली हकिकत आजही वाचताना उत्सुकता टिकवून ठेवते. वीज वाढवली की आधी बुडबुडे येतात आणि तारेचे तापमान थोडेसेच वाढते; शंभर अंशांच्या पाण्यात तार एकशेवीस-एकशेतीस अंशांवर असताना चौरस मीटरला सुमारे दहा लाख वॅट या दराने उष्णता निघून जाते. बुडबुड्यांइतकी कार्यक्षम व्यवस्था दुसरी क्वचितच सापडेल. पण त्या टोकाच्या पुढे वीज किंचित वाढवली की तार एका झटक्यात शेकडो अंशांनी तापते. निक्रोमची तार इथे वितळून तुटली. प्लॅटिनमचा द्रवणांक 1768 अंश असल्याने प्लॅटिनमची तार तगली आणि पाण्याखाली लाल-पांढरी चमकू लागली, भोवती वाफेचा अखंड पडदा घेऊन.

खरी गंमत परतीच्या वाटेवर होती. वीज कमी करत आणली तरी तार लगेच निवेना. पडदा ज्या वाटेने बसला त्या वाटेने उठत नव्हता. उष्णतेचा दर टोकाच्या कितीतरी खाली, लहानशा अंशावर आला तेव्हाच पडदा कोसळला आणि तार पुन्हा बुडबुड्यांच्या अवस्थेत उडी मारून परतली. चढण्याची वाट एक, उतरण्याची दुसरी. या दोहोंमध्ये अस्थिर अशी तिसरी अवस्था असली पाहिजे, जिथे पृष्ठभाग कधी ओला तर कधी कोरडा असतो, हे नुकियामांनी तर्काने ताडले. 1937 मध्ये अमेरिकेत ड्रू आणि म्युलर यांनी वाफेने तापवलेल्या पृष्ठभागावर ती दाखवून दिली. नुकियामांचा निबंध जपानी भाषेत असल्याने पश्चिमेकडे उशिरा पोहोचला. त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर 1966 साली छापले गेले.

बॉयलर आणि नुकियामांची तार यांतला एक फरक पुढच्या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. कोळशाच्या बॉयलरमध्ये पत्रा ज्वाळेपेक्षा जास्त तापू शकत नाही. विजेच्या तारेला अशी वरची हद्द नसते. तिच्यात उष्णता निर्माण होतच राहते. ती बाहेर पडली नाही तर तापमान वाढतच जाते, तार वितळेपर्यंत. युरेनियमच्या इंधनकांडीची प्रकृती या तारेसारखी आहे, कोळशाच्या भट्टीसारखी नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा फरक तातडीचा झाला. 1948 मध्ये लेनिनग्राडच्या कुतातेलाद्झे यांनी टोकाच्या दराचे सूत्र मांडले. 1950 मध्ये बर्कलीच्या ब्रॉम्ली यांनी पडद्यातून किती उष्णता जाते याचा हिशोब दिला, तोही वाफ निवून द्रव होण्याच्या नुसेल्ट यांच्या 1916 सालच्या जुन्या सिद्धान्ताला उलटे करून. झुबर यांनी 1950 च्या दशकाअखेरीस कारणाचे चित्र स्पष्ट केले: वर जाणाऱ्या वाफेचे झोत इतके दाट होतात की खाली येणाऱ्या पाण्याला वाट राहत नाही. म्हणजे उष्णता नेणारी वाफच स्वतःची वाट अडवते.

मग अणुभट्टीत पाणी उकळू द्यावे की नाही? अनेकांचे उत्तर नकारार्थी होते. 1953 पासून सॅम्युएल अंटरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आयडाहोच्या वाळवंटात बोरॅक्स नावाच्या छोट्या भट्ट्यांवर प्रयोग केले. भट्टीत पाणी उकळले की वाफेमुळे न्यूट्रॉनचा वेग मंद करणारे पाणी कमी होते आणि साखळीप्रक्रिया आपोआप ओसरते, हे त्यांनी सिद्ध केले. जुलै 1954 मध्ये पहिली बोरॅक्स भट्टी मुद्दाम मर्यादेपलीकडे नेऊन उडवून दिली, मोडतोड कशी होते ते पाहण्यासाठी. 1955 मध्ये तिसऱ्या भट्टीने आर्को गावाचे दिवे लावले. 1960 साली इलिनॉयमधली ड्रेसडेन ही उकळत्या पाण्याची पहिली मोठी व्यापारी भट्टी सुरू झाली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हातात आता विकण्याजोगा नमुना होता.

होमी भाभांना त्या वेळी अशाच तयार नमुन्याची गरज होती. त्यांचा दीर्घ पल्ल्याचा कार्यक्रम नैसर्गिक युरेनियम आणि थोरियम यांच्या आधारावर होता आणि त्याला वेळ लागणार होता. पश्चिम भारत कोळशाच्या खाणींपासून दूर. अणुवीज इथे परवडते हे लवकर दाखवायचे होते. जागतिक निविदा मागवल्या गेल्या. ऑगस्ट 1963 मध्ये भारत-अमेरिका करार झाला आणि 1964 मध्ये जनरल इलेक्ट्रिकला काम मिळाले. बांधकामाची जबाबदारी बेक्टेलकडे होती. जागा होती मुंबईच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, बोईसरजवळच्या तारापूरच्या समुद्रकिनारी, तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात. जानेवारी 1966 मध्ये भाभांचा विमान अपघातात मृत्यू झाला. भट्ट्या त्यांच्या पश्चात पूर्ण झाल्या. फेब्रुवारी 1969 मध्ये दोन्ही भट्ट्यांत साखळीप्रक्रिया सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये केंद्राने व्यापारी वीज द्यायला सुरुवात केली. प्रत्येक भट्टीची क्षमता 210 मेगावॉट. नुकतेच अलग झालेले महाराष्ट्र आणि गुजरात, दोघेही या विजेचे वाटेकरी होते.

तारापूरच्या प्रत्येक भट्टीत 284 इंधनजुडगे असतात. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत युरेनियमच्या गोळ्या भरून कांड्या केल्या जातात आणि त्यांचे जुडगे बांधले जातात. पाणी खालून वर जाते आणि जाताजाता उकळते. दाब हवेच्या सत्तर पटींच्या आसपास, तापमान सुमारे 285 अंश. वातावरणाच्या दाबात एक लिटर पाण्याची सतराशे लिटरच्या आसपास वाफ होते. इथल्या दाबात ती फक्त वीसेक लिटर होते. म्हणून एवढ्या उष्णतेतही बुडबुडे आवाक्यात राहतात. जुडग्याच्या वरच्या भागात चित्र पालटते. मधून वाफ वेगाने वाहते आणि कांडीच्या अंगाला पाण्याचा पातळ थर चिकटून चढत असतो. तो थर मध्येच सुकला की कांडी उघडी पडते आणि तिचे तापमान उसळी घेते. स्वच्छ पाण्यात ताणलेल्या तारेपेक्षा ही घडामोड वेगळी, पण परिणाम सारखाच: धातू आणि पाणी यांच्यामध्ये वाफ.

म्हणून अशा भट्टीची क्षमता ठरवताना पहिला प्रश्न असतो तो टोक किती दूर ठेवायचे हा. जनरल इलेक्ट्रिकचे अभियंते विजेने तापवलेल्या खोट्या कांड्यांवर प्रयोग करून ती मर्यादा काढत; 1962 मध्ये जॅन्सन आणि लेव्ही यांनी, 1966 मध्ये हेंच आणि लेव्ही यांनी तिची सूत्रे दिली. दोन्ही वेळा मोजलेल्या बिंदूंच्या मधून रेषा न काढता त्यांच्या खालून काढली होती, म्हणजे वाईटात वाईट निकालही सुरक्षित बाजूला राहावा. भट्टी चालवणाऱ्याला सर्वांत तापलेल्या कांडीवरही या रेषेपासून ठरावीक अंतर राखावे लागते. तारापूर कोणत्या बळावर चालले असे विचारले तर मी या अंतराचे नाव आधी घेईन.

1974 च्या पोखरण चाचणीनंतर आणि 1978 च्या अमेरिकी कायद्यानंतर या भट्ट्यांना लागणाऱ्या समृद्ध युरेनियमचा अमेरिकेकडून होणारा पुरवठा अडला. पुढे तो फ्रान्स, चीन आणि रशिया यांच्याकडून आला. दुसरी अडचण घरातली होती. सुरुवातीच्या रचनेत प्रत्येक भट्टीला दुय्यम वाफजनित्रे जोडलेली होती. त्यांच्या नळ्या गळू लागल्याने ती बंद करावी लागली आणि 1980 च्या दशकात क्षमता 160 मेगावॉटवर आणली गेली. इथे पडद्याचा दोष नव्हता, तरी भट्टी तिच्या टोकापासून आणखी लांब गेली एवढे खरे.

तारापूर सुरू झाले त्याच सुमारास अमेरिकेत एक अस्वस्थ करणारा प्रश्न पुढे आला: मोठी नळी फुटून भट्टीतले पाणीच निघून गेले तर? साखळीप्रक्रिया थांबली तरी इंधन निवत नाही. बंद झाल्या क्षणी मूळ शक्तीच्या सहा-सात टक्के, काही तासांनी एक टक्का इतकी उष्णता किरणोत्सर्गातून येत राहते. आणीबाणीचे पाणी सोडायचे, पण तापलेल्या कांडीवर ते टेकणार कसे? इथे लायडेनफ्रॉस्ट यांची पळी आणि लोहाराची कुंडी पुन्हा हजर झाली. कांडीवर पाणी येते, पडद्यावर तरंगते, खालून थोडा भाग निवतो, तिथे पडदा फाटतो आणि ओल्या-कोरड्याची सीमा सावकाश वर सरकत जाते. ती पोहोचेपर्यंत वरचा भाग तापतच असतो. सगळी लढाई वेळाशी आहे.

1970-71 मध्ये आयडाहोतल्या लहान नमुन्यावरच्या चाचण्यांत आत सोडलेले पाणी फुटलेल्या नळीतूनच बाहेर गेले. त्यावर दीर्घ सुनावण्या झाल्या आणि जानेवारी 1974 मध्ये अमेरिकेने नियम केला की कांडीच्या आवरणाचे तापमान 1204 अंशांच्या वर जाता कामा नये. त्यापुढे झिर्कोनियम आणि वाफ यांची रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागते आणि हायड्रोजन सोडते. मार्च 1979 मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड केंद्रात इंधन उघडे पडले आणि जवळजवळ निम्मे वितळले. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीनंतर जपानमधल्या फुकुशिमात हेच तीन भट्ट्यांत घडले, आणि त्या भट्ट्या तारापूरच्याच कुळातल्या होत्या. त्यानंतर भारतातल्या सर्व केंद्रांची फेरतपासणी झाली. वीज पूर्ण गेली तरी बाहेरून पाणी आत घालता यावे म्हणून जोडण्या बसवल्या गेल्या.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या अनुभवातून थोरियमवर चालणाऱ्या प्रगत जड पाण्याच्या भट्टीची रचना आकाराला आली. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून शिकलेले अनिल काकोडकर तिच्या प्रमुख पुरस्कर्त्यांपैकी एक. 300 मेगावॉटच्या या रचनेत पाणी पंपाशिवाय, घनतेच्या फरकाने फिरते, आणि आणीबाणीचे पाणी 54 कांड्यांच्या जुडग्याच्या मधोमध असलेल्या नळीतून थेट कांड्यांवर फवारले जाते. लांबून येऊन पडद्याशी झगडण्यापेक्षा पाणी आधीच जवळ आणून ठेवायचे, हा विचार माझ्या मते या सगळ्या इतिहासातून निघालेला सर्वांत शहाणपणाचा विचार आहे. त्या रचनेचा भौतिकीय अभ्यास करणारी छोटी भट्टी एप्रिल 2008 मध्ये ट्रॉम्बेत सुरू झाली. वीज देणारी मोठी भट्टी मात्र अजून कागदावरच आहे.